सुवार्ताबाईंची साक्ष

“उद्या मी नाही हो, ताई,” नागसेन म्हणाला आणि सुवार्ताबाईंच्या हातातला ब्रश बेडपॅनमध्येच थांबला.

“नाही म्हणजे?”

“भाचीचं लगन आहे जळगाव जामोदले. सुट्टी मंजूर झाली. परवा सकाळी हजर.”

“अन् उद्याचे पेशंट वर कोण नेईन?”

“तुमी. अजून कोण?” नागसेन हसला, पण बाईंचा चेहरा पाहून त्यानं हसू आवरलं. “एकच ऑपरेशन आहे, ताई. त्या सोजराबाईचं. ते बी होते का नाही, सांगता येत नाही. म्हातारी दोन दिवसापासून नाहीच म्हणून राह्यली.”

तेवढीच काय ती आशा होती. सुवार्ताबाई पुन्हा पॅन घासू लागल्या. खरं म्हणजे तो पॅन पुरुषांच्या वॉर्डातला होता आणि पुरुषांचा वॉर्ड नागसेनकडे होता. पण त्या दोघांत एक करार होता. स्ट्रेचरवरचे सगळे पेशंट लिफ्टनं वर न्यायचे ते नागसेननं, आणि त्याच्या वाटचे पॅन धुवायचे ते सुवार्ताबाईंनी. या कराराचा कागद नव्हता आणि साक्षीदारही कोणी नव्हता. दोन वर्षं तो बिनबोभाट चालला होता.

खामगावच्या बस स्टँडमागं हाडांचं एक हॉस्पिटल आहे. तिथं सुवार्ताबाई एकवीस वर्षांपासून आया म्हणून काम करत होत्या. हॉस्पिटल बैठं होतं तोवर सगळं ठीक होतं. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मजले चढवले, ऑपरेशनची खोली तिसऱ्या मजल्यावर नेली आणि लिफ्ट बसवली. त्या दिवशी पेढे वाटले. सुवार्ताबाईंनी पेढा खाल्ला, आणि दुसऱ्या दिवसापासून फाइल आणि एक्स-रे काखेत मारून जिना चढायला लागल्या. खालपासून वरपर्यंत बासष्ट पायऱ्या. पन्नाशीला टेकलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या बाईला बासष्ट पायऱ्या दिवसातून चारदा चढणं म्हणजे काय, ते तिचं तिलाच ठाऊक.

सुवार्ताबाई राहत त्या ख्रिस्ती वस्तीला, साऱ्या मिशन कंपाउंडला, त्यांच्या बंद जागेच्या भीतीचं कारण माहीत होतं. सुवार्ताबाईंचे वडील शलमोन मिस्त्री कंपाउंडचे सुतार. दारं, खिडक्या, चर्चची बाकं, आणि पेट्या. मयताच्या पेट्या. खामगावचा उन्हाळा असा की माणूस गेला तर पेटी करत बसायला वेळ मिळत नाही, म्हणून शलमोन मिस्त्री एक पेटी नेहमी तयार ठेवत. मागच्या खोलीत, भिंतीला लागून. कंपाउंडच्या पोरांना तिचं काही वाटत नसे. कुणी तिच्यावर बसून अभ्यास करी, कुणी लपंडावात तिच्या आड लपे. नऊ वर्षांची सुवार्ता मात्र एकदा आडऐवजी आत लपली. झाकण तिनंच ओढून घेतलं. थोड्या वेळानं कुणीतरी हमाल आला, मिस्त्रींनी मागवलेल्या फळ्या त्यानं झाकणावर रचल्या आणि निघून गेला. शेजारी जिनिंगचा कारखाना. सरकी सुटण्याच्या त्या घरघरीत पोरीच्या हाका कुणाला ऐकू जाणार? दीड तासानं वडिलांनी फळ्या उचलल्या. त्यांनी पोरीला बाहेर काढलं, एक थप्पड मारली आणि मग तिला छातीशी धरून स्वतःच रडले. तेव्हापासून सुवार्ता न्हाणीचं दार पूर्ण लावत नसे. लग्न झाल्यावर नवऱ्यालाही तो नियम समजावून सांगावा लागला होता.

हे इथवर ठीक होतं. भीती कुणाला नसते? कुणी पालीला भितं, कुणी सासूला. पण सुवार्ताबाईंच्या भीतीला दोन वर्षांपूर्वी वेगळंच वळण लागलं.

चर्चमध्ये उपवास-प्रार्थनेची सभा होती. बाहेरगावचे प्रचारक आले होते. ज्यांना ज्यांना कसली भीती आहे त्यांनी पुढं या, असं त्यांनी सांगितलं, आणि शेजारच्या बायकांनी सुवार्ताबाईंना अक्षरशः ढकललं. प्रचारकांनी डोक्यावर हात ठेवून जोरजोरात प्रार्थना केली. सत्तर-ऐंशी माणसं डोळे मिटून त्यांच्यासाठी पुटपुटत होती. मग प्रचारकांनी माइक त्यांच्या तोंडासमोर धरला.

“बहीण, गेली का भीती?”

“गेली,” सुवार्ताबाई म्हणाल्या.

खोटं बोलायचं त्यांच्या मनातही नव्हतं. एवढी माणसं आपल्यासाठी उभी आहेत, आणि नाही कसं म्हणायचं? शिवाय चर्चची तिन्ही दारं त्या वेळी सताड उघडी होती. उघड्या दारात भीती नव्हतीच. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी उपासनेत त्यांना साक्ष द्यायला उभं केलं. आपल्याकडं साक्ष द्यायची म्हणजे चारचौघांत उभं राहून प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं, आणि तेही पुस्तकी मराठीत. कंपाउंडची माणसं भांडतात वऱ्हाडीत आणि प्रार्थना करतात शुद्ध भाषेत. सुवार्ताबाईही शुद्ध भाषेत म्हणाल्या, “चाळीस वर्षांचे माझे भय प्रभूने एका क्षणात काढून टाकले.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या बाकावरच्या सोजराबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

सोमवारी सकाळी सुवार्ताबाई खुशीतच लिफ्टपाशी गेल्या. दार उघडलं. त्यांनी एक पाय आत टाकला, आणि दार मिटायला लागलं तशी त्यांनी अशी काही मागं उडी घेतली की एक चप्पल आतच राहिली. चप्पल एकटीच तिसऱ्या मजल्यावर गेली. नागसेननं ती परत आणून दिली, आणि करार झाला तो त्या दिवशी.

त्याच आठवड्यात सांगून टाकलं असतं तर निभावलं असतं. पण सांगायच्या आधीच दोन बायका घरी येऊन रडून गेल्या. एकीला विजेची भीती, एकीला नवऱ्याची. तुमच्यासारखं आमचंही होऊ दे म्हणाल्या. मग पाळकसाहेबांनी चर्चच्या पत्रिकेत ती साक्ष छापली. महिला मंडळानं सुवार्ताबाईंना प्रार्थना चालवायला नेमलं. दर रविवारी साक्ष एका आठवड्यानं जुनी होत गेली आणि मागं घ्यायला आणखी अवघड.

नवऱ्याला, माणिकरावांना, खरं माहीत होतं. ते मालाचा टेंपो चालवत आणि चर्चला नाताळापुरते जात. एकदा जेवता जेवता ते म्हणाले, “खोटं तं मीबी बोलतो. पण मी रोडवर बोलतो. तू देवाच्या घरी उभी राहून बोलली.” सुवार्ताबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. माणिकरावांनी नंतर खूप मनधरणी केली, पण तोंडातून गेलेलं ते काही परत आलं नाही.

आणि आता या सोजराबाई.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये शिंदीच्या झावळ्या वाटतात. पोरं त्या हलवत मिरवणूक काढतात आणि मग पायऱ्यांवर टाकून देतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सोजराबाई यंदा त्या ओल्या झावळ्यांवरून घसरल्या आणि त्यांचा खुबा मोडला. चाळीस वर्षं त्यांनी चर्चच्या शब्बाथ शाळेत दर रविवारी पोरांना शिकवलं होतं. सुवार्ताही त्यांच्याच हाताखालून गेलेली. म्हणून सुवार्ताबाई त्यांना अजून ‘बाई’च म्हणत. बाईंना ऑपरेशनची जबर धास्ती होती. त्या वरच्या खोलीत मी जाणार नाही, मले घरी घेऊन चाला, एवढंच त्या म्हणत. मुलगा जीवन, नांदुऱ्याला शाळेत शिक्षक, समजावून समजावून थकला होता.

नागसेन लग्नाला गेला. बुधवारी सकाळी सुवार्ताबाई कामावर आल्या तर जीवन दारातच उभा. त्याचा चेहरा उजळलेला.

“ताई, आई तयार झाली. तुमच्यामुळं.”

“माह्यामुळं?”

“काल पाळकसाहेब आले होते. ते म्हणाले, सुवार्ताची साक्ष आठवा. तिचं चाळीस वर्षाचं भेव गेलं, तुमचं नाही जाणार काय? तं आई म्हणे, सुवार्ता संग असन तं मी वर जाईन. तुमचा हात धरून जाणार म्हणते.”

सुवार्ताबाई तडक आत गेल्या. त्यांनी सिस्टरना गाठलं, माझं डोकं दुखतं म्हणून सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, गोळी घ्या. दुसरी आया बाळंतपणाच्या रजेवर. वॉचमनला विचारलं, तर तो म्हणाला, गेट सोडून मी कसा येऊ? साडेअकराला स्ट्रेचर लिफ्टसमोर उभं राहिलं तेव्हा त्यांना कळून चुकलं की आता सुटका नाही.

लिफ्ट एवढीशी. स्ट्रेचर गेलं की एका माणसापुरती जागा उरायची. सिस्टर वर तयारीला गेल्या, जीवन जिन्यानं निघाला. सुवार्ताबाईंच्या एका हातात सलाइनची बाटली होती.

“बाई, मी पळत जिन्यानं येतो अन् वर तुमाले घेतो. चालीन ना?”

सोजराबाईंनी त्यांचं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. “नाही. तू माह्या संग.”

दार मिटलं. आत स्ट्रेचरला चिकटून उभ्या राहिलेल्या सुवार्ताबाईंनी डोळे घट्ट मिटले आणि आकडे मोजायला सुरुवात केली. नागसेननं सांगितलं होतं, वर जायला बावीस सेकंद लागतात. एक, दोन, तीन. चौदाव्या आकड्याला लिफ्टला एक गचका बसला. वरचा पंखा बंद पडला. डोळे उघडले, तर उघडे आणि मिटलेले सारखेच.

“लाइन गेली काय वं?” सोजराबाईंनी विचारलं.

लाइन गेली की जनरेटर सुरू करायचा, हे काम नागसेनचं. जनरेटरचा दांडा जरा वाकवून ओढावा लागतो, आणि ती खुबी त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हती. हे सगळं सुवार्ताबाईंच्या डोक्यात एका क्षणात आलं, आणि मग डोक्यात काहीच राहिलं नाही. त्या दारावर हात आपटायला लागल्या. आवाज फुटत नव्हता. नऊ वर्षांच्या पोरीला पेटीत आला होता तसा लाकडाच्या भुश्याचा वास यायला लागला. छातीवर फळ्या चढत होत्या, एकीवर एक.

“सुवार्ता. ए सुवार्ता. काय करून राह्यली?”

“उघडा… उघडा ना कोणी…”

बाहेरून कुठूनतरी जीवनचा आवाज आला, “आई, मी वर दारापाशीच आहे. लाइन येऊनच राह्यली.” मग पुन्हा शांत.

“पोरी,” अंधारातून सोजराबाई म्हणाल्या, “तुह्यं तं भेव गेलं होतं ना?”

सुवार्ताबाई दाराला पाठ लावून उभ्या होत्या. दोन वर्षं या एका प्रश्नाला त्या चुकवत आल्या होत्या. चर्चच्या दारात, बाजारात, महिला मंडळात. इथं चुकवून जायला जागाच नव्हती.

“नाही गेलं, बाई.”

“काय म्हणे?”

“नाही गेलं. कधीच नाही गेलं. त्या माणसानं माइक धरला अन् माह्या तोंडातून निघून गेलं. मी खोटी साक्ष देली, बाई. दोन साल झाले, मी जिन्यानंच चढून राह्यली.”

म्हातारी बोलली ती चांगलीच रागानं.

“अन् मी तुह्या भरवशावर मांडी कापून घ्याले निघाली.”

“माफ करा, बाई.”

“दोन दिवस मी पोराले नाही म्हणत होती. चांगली घरी जात होती मी. तुह्यी साक्ष मधात आली.”

“बाई, माफ करा मले.”

“ते मंग पाहू. पहिले ती बाटली वर धर. माह्यं रगत नळीत चढून राह्यलं असन.”

बाटली खरंच खाली आली होती. सुवार्ताबाईंनी ती दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरली. एकवीस वर्षांची सवय, हात आपोआप गेला.

“आता प्रार्थना कर,” सोजराबाई म्हणाल्या.

“मी?”

“मंग कोण? इथं दोघीच हाओत.”

सुवार्ताबाईंनी सुरुवात केली. “हे दयाळू स्वर्गीय बापा, या सुंदर दिवसाकरिता आम्ही तुझे आभार…” आणि त्यांचा श्वासच अडकला.

“आभार कायचे मानून राह्यली वं? अशात?” म्हातारी कडाडली. “जे वाटून राह्यलं ते सांग. त्याले वऱ्हाडी समजते.”

सुवार्ताबाईंनी आयुष्यात कधी वऱ्हाडीत प्रार्थना केली नव्हती. पहिला शब्द यायला वेळ लागला.

“बापा, मले लय भेव लागून राह्यलं. जीव घाबरून राह्यला. मी तुह्या घरात उभी राहून खोटं बोलली, तुले माहीतच आहे. मले इथून काढ. अन् आत्ताच काढत नसशीन, तं… तं इथं थांब. बाईजवळ थांब, अन् माह्याजवळ थांब. एवढंच.”

“आमेन,” सोजराबाई म्हणाल्या.

लाइन काही लगेच आली नाही. अंधार तेवढाच होता आणि भीतीही होती तेवढीच. पण सुवार्ताबाईंच्या लक्षात आलं की आपण श्वास घेतो आहोत. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणापासून काही लपवायचं उरलं नव्हतं, आणि त्यांना आतून फार बरं वाटलं. घामानं ब्लाउज पाठीला चिकटला होता, पण बाटली धरलेले हात वर होते.

“सांगू काय तुले,” थोड्या वेळानं सोजराबाई म्हणाल्या. आता आवाजात राग नव्हता. “मले बी लय भेव लागून राह्यलं. शब्बाथ शाळेत चाळीस साल पोराईले शिकवलं, भिऊ नका. अन् आता मलेच भेव लागते हे कोणाले सांगू?”

“मले सांगा, बाई.”

“सांगतलं ना आता. मी इथं आहे. तू इथं आहे. होईन काय व्हायचं ते.” मग जरा थांबून म्हणाल्या, “माह्या घरवाल्याच्या मयतीत, पेटी लावायच्या टायमाले तू बाहेर गेली होती. मी पाह्यलं होतं.”

“हाव, बाई. मी सगळ्याईच्याच वक्ती बाहेर जातो.”

“माह्या वक्ती थांबजो.”

“असं नका बोलू ना.”

“मी काही आज मरून नाही राह्यली. पण कधीतरी मरीनच. थांबजो.”

सुवार्ताबाई हो म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? वीस मिनिटांनी लाइन आली, पंखा फिरला आणि लिफ्ट वर गेली. दार उघडलं तेव्हा सिस्टर, जीवन आणि भूल देणारे डॉक्टर समोर उभे होते. सुवार्ताबाई स्ट्रेचरसोबत बाहेर आल्या त्या बाटली डोक्यावर धरूनच. सिस्टरनी ती हातातून घेतली तरी त्यांचे हात बराच वेळ खाली येईनात. ऑपरेशन नीट पार पडलं. सुवार्ताबाई खाली उतरल्या त्या जिन्यानं.

बातमी मात्र लिफ्टपेक्षा जोरात धावली. सुवार्ताबाई वीस मिनिटं बंद लिफ्टमध्ये राहिल्या, म्हातारीला धीर दिला, प्रार्थना केली. जीवननं जे दाराबाहेरून ऐकलं ते सांगितलं, आणि त्यानं ऐकलं होतं फक्त दाराची धडधड आणि प्रार्थनेचं पुटपुटणं. शनिवारी पाळकसाहेब घरी आले. भला माणूस. त्यांचे डोळे भरून आले होते.

“उद्या ईस्टर, पुनरुत्थानाची उपासना. बाहेरगावचेही लोक येतील. तुमची साक्ष ठेवली आहे, ताई.”

ते गेल्यावर माणिकराव म्हणाले, “आता काय बोलशीन?”

“खरं.”

“लोकं हसतीन.”

“हसू दे.”

“हसतीन तं परवडलं. बोलणं सोडतीन. तुले कंपाउंडात राहाचं आहे.” मग ते चप्पल घालता घालता थांबले. “मी येऊ काय उद्या संग?”

नाताळ नसताना माणिकराव चर्चला येतात हीच त्या रविवारची पहिली नवलाई. चर्च फुलांनी भरलं होतं. पाळकसाहेबांनी नाव घेतलं, सुवार्ताबाई पुढं गेल्या. माइक आज कुणी तोंडासमोर धरला नव्हता. तो त्यांना स्वतःच्या हातानं उचलावा लागला.

“मंडळीले सलाम,” त्या म्हणाल्या, आणि वऱ्हाडी ऐकून चार-दोन माना वर झाल्या. “दोन सालापहिले मी इथं साक्ष देली होती. ते खोटं होतं. माह्यं भेव गेलं नव्हतं. आजही गेलं नाही. बुधवारी लिफ्टीत मी रडली, दार बडवलं. सोजराबाई नसत्या तं माह्यं काही खरं नव्हतं. मी त्याईले धीर नाही देला, त्याईनं मले देला. अन् प्रभू तिथं होता, एवढं मी सांगू शकतो. भेव असतानी होता. ज्या बाया माह्या साक्षीवर विसंबल्या, त्याईची मी माफी मागतो.”

‘हालेलुया’ म्हणायला तयार असलेली तोंडं तशीच राहिली. कुणी टाळी वाजवली नाही. पाळकसाहेबांनी घाईनं पुढचं गीत सांगितलं आणि हार्मोनियमवाल्यानं सूर चुकवला. उपासनेनंतर दारात सगळ्यांशी हस्तांदोलन करताना पाळकसाहेबांनी सुवार्ताबाईंचा हात धरला, पण त्यांच्याकडं पाहिलं नाही. विजेला भिणारी बाई वळून निघून गेली. नवऱ्याला भिणारी तेवढी थांबली, काहीतरी बोलायला आली, आणि न बोलताच गेली. त्या आठवड्यात महिला मंडळाची प्रार्थना दुसरीकडं दिली. सुवार्ताबाईंना वाईट वाटलं, खूप वाटलं. त्या रविवारी घरी येऊन त्या माणिकरावांसमोर रडल्या. माणिकरावांनी चहा केला. साखर विसरले.

त्याच संध्याकाळी त्या वॉर्डात गेल्या. सोजराबाईंनी विचारलं, “सांगतलं?”

“सांगतलं.”

“कोण काय म्हणे?”

“कोणीच काही नाही म्हणे.”

“मंग कंगवा घे,” म्हातारी म्हणाली. “चार दिवस झाले, डोक्याले कोणी हात नाही लावला.”

नागसेनसोबतचा करार सुवार्ताबाईंनी मोडला. एक दिवस तू, एक दिवस मी, असं ठरलं. पॅनही ज्याचे त्यानं धुवायचे. पाळीच्या दिवशी त्या लिफ्टमध्ये शिरताना ओठ हलवत, बावीसपर्यंत मोजत आणि बाहेर येईपर्यंत पाठ भिजलेली असे. नागसेन वर जिन्याच्या तोंडाशी उभा राहून विचारी, “गेलं काय भेव, ताई?” त्या म्हणत, “नाही गेलं. पण आली.”

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोजराबाई गेल्या. चालायला लागल्या होत्या. सकाळी चहा घेतला, छातीत कळ आली आणि दहा मिनिटांत आटोपलं. ऊन असं की चारच्या आत माती द्यायला हवी. पेटी आणली ती गावातल्या एका मिस्त्रीकडून, घाईनं पॉलिश केलेली. वास अजून ताजा होता.

घरात दाटी झाली होती. गीत झालं, प्रार्थना झाली. मिस्त्रीनं विचारलं, “कोणाले अजून पाह्याचं आहे काय?” कुणी पुढं आलं नाही. मग दारापाशी बसलेल्या बायका जराशा सरकल्या आणि मधे वाट केली. या वेळेला सुवार्ताबाई बाहेर जातात हे त्यांना इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. गेल्या महिनाभरात त्यांच्याशी कुणी धड बोललं नव्हतं, पण वाट केली.

सुवार्ताबाई उठल्या. उघड्या दारातून अंगणातलं ऊन दिसत होतं. त्या दाराकडं गेल्या नाहीत. जीवन झाकणाचं एक टोक धरून उभा होता, दुसरं टोक त्यांनी उचललं. झाकण जड होतं. भुश्याचा तो वास नाकात शिरला. त्यांनी ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं, वऱ्हाडीतच. दोघांनी मिळून झाकण खाली टेकवलं, आवाज होऊ न देता.

जीवन मागं सरला. सुवार्ताबाई खाली बसल्या आणि त्यांनी तळहात झाकणावर ठेवला, जिथं आत बाईंचं डोकं होतं तिथं.

“मी आहे इथं, बाई,” त्या म्हणाल्या.

मिस्त्री हातात स्क्रू घेऊन थांबला होता. त्याला जागा हवी होती म्हणून त्यांनी हात थोडा बाजूला सरकवला, पण झाकणावरून काढला नाही.